मुलीस पत्र: प्रोटॉन पंपाच्या एका जनुकाविषयी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

प्रोटॉन पंप, म्हणजे प्रोटॉन (हायड्रोजनचे आयन, ज्यांमुळे आम्लता येते) पटलापलीकडे, म्हणजे पेशीतील पातळ पडद्यापलीकडे, ढकलणारे प्रथिनांचे यंत्र, जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, मग त्याच्या एका उपघटकाचे जनुक बिघडल्यावर मूत्रपिंड आणि कान यांनाच त्रास का व्हावा, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. या जनुकाचे कार्य समजण्याची किल्ली त्यातच आहे.

एटीपी६व्ही१बी१ हे जनुक आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर असते आणि त्यावरून ५१३ अमिनो आम्लांचे बी१ हे प्रथिन तयार होते. एकटे बी१ प्रोटॉन हलवू शकत नाही. व्ही-एटीपीएज हे या प्रोटॉन पंपाचे नाव. त्याचा एक भाग पटलात रुतलेला असतो आणि दुसरा पेशीद्रवात असतो; या दुसऱ्या भागात ए आणि बी ही प्रथिने, प्रत्येकी तीन, एकाआड एक अशी गोलाकार बसतात आणि त्यांच्या सांध्यांशी एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूचे विघटन होते. त्या ऊर्जेने मधला दांडा फिरतो, त्याच्याबरोबर पटलातले कडे फिरते आणि प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. पूर्ण फेऱ्याला तीन एटीपी लागतात. पुस्तकातल्या आकृतीत ही गती दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम डोळ्यांसमोर आण.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. बी या जागेसाठी मानवाकडे दोन जनुके आहेत. पेशीद्रवाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.२ च्या आसपास असताना लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशवीच्या, आतला सामू ४.५ ते ५ इतका खाली ठेवण्याचे जे काम सर्वत्र चालते, त्यातल्या पंपांत सहसा बी२ असते, आणि त्याचे जनुक वेगळे आहे. बी१ मात्र मोजक्याच ठिकाणी आढळते. त्यांपैकी मूत्रपिंडातील संग्राहक नलिका आणि अंतःकर्ण ही दोन तुझ्या प्रश्नाशी निगडित आहेत.

संग्राहक नलिकेतून लघवी पुढे जाते. तिच्या भिंतीतील इंटरकॅलेटेड या आम्ल हाताळणाऱ्या पेशींच्या लघवीकडील पटलावर बी१ असलेले पंप दाटीने बसलेले असतात. या पेशीने एक प्रोटॉन लघवीत टाकला की आम्ल शमवणारा एक बायकार्बोनेट रक्तात परत जातो, आणि अन्नाच्या चयापचयातून रोज साचणारे आम्ल असे निकालात निघते. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर रक्त आम्लधर्मी होऊनही लघवीचा सामू ५.५ च्या खाली उतरत नाही. रक्तातले पोटॅशियम घटते, आम्ल शमवण्यासाठी हाडांतले कॅल्शियम खर्ची पडते, बाळाची वाढ खुंटते, मुडदूस होऊ शकतो आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. हा विकार आणि त्यासोबतचा बहिरेपणा यांमागे हेच जनुक आहे, हे १९९९ साली सिद्ध झाले.

एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. बी१ नसलेल्या उंदरांत एरवी रक्ताची आम्लता वाढत नाही, कारण बी२ काही अंशी त्याची जागा घेते. आम्लाचा भार वाढवला की मात्र ते अपुरे पडते. माणसाच्या मूत्रपिंडात एवढी भरपाई होत नाही.

उपचार म्हणून बायकार्बोनेट किंवा सायट्रेट आयुष्यभर द्यावे लागते. ते वेळेवर सुरू झाले तर रक्त सुधारते, मूल वाढीला लागते आणि हाडे बळकट होतात. गेलेली श्रवणशक्ती मात्र त्याने परत येत नाही, कारण अंतःकर्णातल्या द्रवाचे संतुलन तिथल्याच पेशींनी राखायचे असते आणि रक्तात दिलेला अल्क (आम्ल शमवणारा पदार्थ) तिथल्या पंपाची उणीव भरून काढत नाही.

तुझा,
बाबा