निवांत झोप आणि गिरणीचा संप

लालबाग, ता. ९ जून

प्रिय दिलीप,

नोकरी गेल्याचं फोनवर सांगून वर हसत म्हणालास, ‘आता निवांत झोपतो, तब्येत तरी सुधारेल.’ अगदीच खोटं नाही बरं का. महामंदीत, १९३० ते १९३३ या काळात, अमेरिकेतला एकूण मृत्युदर चक्क घटला होता. आत्महत्या मात्र वाढल्या. पण ही झाली अख्ख्या देशाची सरासरी. पगार कोणाच्या घरातला थांबला, ते तिला कुठून कळणार?

आमच्या चाळीत मी ते पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, त्यात साचेखात्यातले, म्हणजे विणकामातले, आमचे अण्णा. सुरुवातीला सभा, मोर्चे, जोर होता. मग ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, लक्षात यायला लागलं. पगार नाही म्हणून कपात नाही, आणि कपात नाही म्हणून पुढे दवाखान्याचा हक्कही नाही. अण्णांची ब्लडप्रेशरची गोळी आई ब्लेडने अर्धी करायची. पुढे तीही दिवसाआड. अण्णांना दिसत होतं, बोलले कधीच नाहीत. केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर. वेळच वेळ होता, तरी केसपेपर काढायला उठायचे नाहीत.

ऑस्ट्रियातल्या मारियनथालची कापडगिरणी बंद पडली तेव्हा संशोधक मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच टिपलं. हाताशी वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जायला लागली. पुरुषांची चाल मंदावली, रस्त्यात उगाच थांबणं वाढलं. त्यांचा अभ्यास १९३३ चा, पण आमच्या गल्लीत बसून लिहिल्यासारखा. बायकांना मात्र थांबायला फुरसत नव्हती, तिथेही आणि इथेही.

गुत्त्यांचं तुला काय सांगायचं! सोव्हिएत राजवट कोसळली त्या काळात बघ, रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ च्या घरात होतं, १९९४ ला ते ५८ च्याही खाली आलं. त्यात दारूचा वाटा मोठा.

म्हणून विचारतो, रागावू नकोस. तुझा मेडिक्लेम कंपनीचाच ना? तो बहुधा नोकरीबरोबरच संपेल. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला नवी पॉलिसी सुखासुखी कोण देणार? त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती मुदतीत मागावी लागते. एचआरला उद्याच फोन कर. वहिनींनाही खरं काय ते सांग, त्या तुझ्यापेक्षा व्यवहारी आहेत. रविवारी येतोय, कागद काढून ठेव.

तुझा,
शशी