'मेनी गार्बेजेस' मुलांना शिकवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतल्या इंग्रजीच्या सदरात 'देअर आर मेनी गार्बेजेस ऑन द रोड' हे वाक्य नमुना म्हणून छापलं आहे. मुलं हे सदर कापून वहीत चिकटवतात. छापण्याआधी कुणीच शब्दकोश उघडला नाही का?

आजच्या इंग्रजीत गार्बेजचं अनेकवचन होत नाही. त्याच्याआधी 'मेनी' येत नाही, 'अ'ही येत नाही. मोजायचंच असेल तर 'अ बॅग ऑफ गार्बेज' म्हणावं. शिवाय रस्त्यावर इतस्तत: पडलेल्या कागदांना, वेष्टनांना 'लिटर' हा नेमका शब्द आहे. 'देअर इज अ लॉट ऑफ लिटर ऑन द रोड' हे वाक्य द्यायला हवं होतं. तोच कागद डब्यात टाकला की तो लिटर राहत नाही.

सदरात गार्बेज, ट्रॅश, रबिश, वेस्ट एका ओळीत समानार्थी म्हणून उरकले आहेत. रबिश हा ब्रिटिशांच्या रोजच्या बोलण्यातला, पहिले दोन अमेरिकेतले. तिथे आता ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण जुना भेद असा की गार्बेज म्हणजे स्वयंपाकघरातला ओला, कुजणारा कचरा आणि ट्रॅश म्हणजे सुका. १५व्या शतकातल्या एका इंग्रजी पाककृतीत तर गार्बेज म्हणजे कोंबडीचं डोकं, पाय, कलेजी. ते स्वच्छ धुऊन मांसाच्या रश्शात उकळायचं आणि वर मिरी, केशर घालायचं! टाकाऊपणाचा अर्थ मागाहून चिकटला. वेस्ट सगळ्यांत व्यापक. सांडपाणी 'वेस्ट वॉटर' असतं, त्याला कुणी गार्बेज म्हणत नाही.

संगणकातलं 'गार्बेज कलेक्शन' म्हणजे 'खराब माहिती पुसणे', हेही साफ चूक. तिथे खराब काहीच झालेलं नसतं. ज्या माहितीपर्यंत पोचायला प्रोग्रॅमकडे वाटच उरलेली नाही, तिने अडवलेली मेमरी मोकळी करून पुन्हा वापरात आणतात. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी ही पद्धत काढली.

उच्चारही 'गार्बिज' असा आहे. मराठीत आपण गार्बेज म्हणतो, त्याला हरकत नाही, पण इंग्रजी शिकवणाऱ्या सदराने तो सांगायलाच हवा होता.

कृपया दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. फिकट हिरव्या चौकटीत पांढरी अक्षरं वाचवत नाहीत. ती काळी करावीत.