अण्णांनी रचलेले निखारे

लेस्टर, शनिवार रात्र

प्रिय शुभे,

गणपतीपासून तुला लिहायचं राहतंय. आम्ही ठीक, माझी पाठ आहे तशीच. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पाचगणीची ती खोली तू विसरली नसशीलच.

या भाड्याच्या घरात बाहेरच्या खोलीत गॅसची शेकोटी आहे. खाली बर्नर, वर सिरॅमिकचे खोटे कोळसे. ते जळत नाहीत, नुसते तापून लाल होतात. हातात घेतलेस तर थर्माकोलसारखे हलके. कामावरून आले तर अण्णा शेकोटीसमोर बसलेले आणि सगळे कोळसे नव्याने रचलेले! बंबात रचायचे तसे, दाबून, मधे उंच. कमी पडले म्हणून बागेतले दोन गोटेसुद्धा. चेहऱ्यावर काय समाधान! आणि मागच्या भिंतीवर काजळीचा पट्टा.

माझे हातपाय गार पडले. आधी गॅस बंद केला, मग दारं-खिडक्या सताड उघडल्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, पुस्तिकेत प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली असते. पुढची रांग आधी, मग मागची, आणि फटींतून ज्योत मोकळी वर यायला हवी. ती तुकड्यावर आपटली की गॅस पुरता जळत नाही, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गोटे ओले असले तर तडकून उडतातही. त्याने सगळं उतरवलं, बर्नर साफ करून पुन्हा मांडलं आणि धुराची काडी शेकोटीच्या वरच्या कडेशी धरली. धूर आत ओढला गेला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण अण्णांना पटेल तर ना! "वास कुठे येत होता?" अगं, गॅसला वास मुद्दाम लावलेला असतो, या विषाला वासच नाही. "मग तुमचं ते यंत्र का नाही बोंबललं?" इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून अशा खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकाला सक्तीचं आहे, तसा तो आहेही. पण ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग हा वायू असला तर, तो तीन मिनिटांत वाजतो, ५० ला तास-दीड तास लागतो. वाजला नाही म्हणजे काही नव्हतंच, असं कसं म्हणायचं? त्यावर उत्तर काय, तर "जन्मभर बंब पेटवलाय मी." बंब अंगणात होता, अण्णा!

दिवसभर ते एकटे असतात गं. या घरात त्यांच्या हातांना कळणारं तेवढं एकच काम होतं, तेही मी काढून घेतलं. गॅसची चावी बंद करून जावं तर थंडीत कुडकुडतील. उघडी ठेवावी तर माझं कामात लक्ष लागत नाही.

पाचगणीला त्या रात्री खिडकीवरून तू केवढी भांडलीस! रेखाला ओढत बाहेर नेलंस आणि वर मलाच 'म्हशी' म्हणालीस. ते मात्र मी माफ केलेलं नाही.

मिहिरची दहावी कशी चाललीय? बदलीचं काय झालं? सविस्तर लिही.

आणि एक कर. उद्या अण्णांना फोन कर. माझं बोलणं त्यांना लेकीची कटकट वाटते, तुझं ऐकतात. पाचगणीचं आपण त्यांना कधीच सांगितलं नाही. ते सांग, शेगडीसकट सगळं. तुझ्या दुपारी तीनला कर, इथे तेव्हा साडेनऊ असतील. मी मुद्दाम बाजारात जाईन.

तुझीच,
नंदा