जुना रेसर, जुनी गाडी

महोदय,

निवृत्त रेसर परत उतरला की सगळे त्याचं वय मोजतात. ब्रिटिश मोटारसायकल रेसर माइक हेलवूड १९७८ साली, ११ वर्षांनी आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतींना परतला तेव्हा ३८ वर्षांचा होता. १९७४च्या कार अपघातात पाय कायमचा दुखावलेला. तरी डुकाटी मोटारसायकलवर टीटीतली फॉर्म्युला वन गटाची शर्यत (कारची नव्हे) त्याने जिंकली. पण ती गाडी शर्यतीसाठी नव्याने सज्ज केलेली होती, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे मोह होतो शेडमधली जुनी राजदूत ३५० मोटारसायकल काढायचा. टू-स्ट्रोक इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं की क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांच्या ऑइल सीलचं रबर कडक होतं. गिअरच्या बाजूचं गेलं तर ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. डायनामोच्या बाजूचं गेलं तर नुसती हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि भर वेगात पिस्टन सीझ होऊन, म्हणजे अडकून, मागचं चाक जाम! थ्रॉटल सोडूनही आरपीएम (इंजिनाचे फेरे) उतरत नसेल तर तिथंच थांबा. खरं तर किक मारण्याआधीच दोन्ही सील बदलावीत. कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) वाळलेलं पेट्रोल लाखेसारखं बसतं, तेही साफ करावं.

या गाडीला डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत; ब्रेक शूवरचं लायनिंग काचेसारखं चकाकत असेल तर नवे ब्रेक शू घाला. टायरवर १४१२ असेल तर तो २०१२च्या १४व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर काढून टाका.

– एक वाचक, पुणे