बाबांच्या इंजेक्शनबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी जेलरोडच्या घरून निघताना, बाबा, तुम्ही विचारलंत, "हे पोटात टोचतात ते नेमकं करतं काय?" रिक्षा दारात होती, मी "औषध आहे, बरं वाटेल" म्हणून वेळ मारून नेली. कल्याण येईपर्यंत तेच डोक्यात होतं. मी पोरांना जीवरसायन शिकवते, तुम्हाला नीट सांगायला हवं होतं.

तुमची नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये गेली, म्हणून तिथूनच सांगते. पेशीतली मूळ प्लेट म्हणजे डीएनए. तो केंद्रकातून बाहेर पडत नाही, बाहेर येते त्याची नक्कल. ती वाचत रायबोझोम नावाचं यंत्र एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन तयार करतं, सेकंदाला साधारण पाच-सहा. या यंत्राची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल मिळालं, त्यात आपले चिदंबरमचे वेंकी रामकृष्णन होते.

पण छपाई हे अर्धंच काम. तुम्हीच सांगायचात, बाद शीट मोजून घ्यायची आणि मोजूनच नष्ट करायची, हिशेब लागेपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही. पेशीही तितकीच कडक आहे. एखाद्या प्रथिनाची घडी चुकली किंवा त्याचं काम संपलं की त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनांची साखळी चिकटते. हा रद्दचा शिक्का. मग प्रोटिओसोम नावाचं पिंपासारखं यंत्र त्याला आत ओढून बारीक तुकडे करतं, आणि त्यातली अमिनो आम्लं पुन्हा नव्या प्रथिनात लागतात. शिक्क्याची ही पद्धत शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमचा आजार. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात बिघडतात त्या प्लाझ्मा पेशी. अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवणं हेच त्यांचं काम, आणि तेही सेकंदाला हजारांच्या हिशेबात. इतकी छपाई म्हटल्यावर बाद मालही ढिगानं. तुमच्या इंजेक्शनातलं औषध, बोर्टेझोमिब, प्रोटिओसोमच्या आत, जिथे कातरणी चालते तिथेच जाऊन बसतं. मोडणं थांबतं, रद्दी तुंबते आणि ती पेशी त्या रद्दीखालीच मरते. बाकीच्या पेशींची छपाई कमी, म्हणून त्या तग धरतात. मज्जातंतूंना मात्र त्रास होतो. तुमच्या पायांना मुंग्या येतात त्या बहुधा यामुळेच. "चालायचंच" म्हणून सोसत बसू नका, बाबा. डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा, त्यांना डोस कमी करता येतो.

आई, तू विचारलंस की पेशीला भिंत नाही तर हे सगळं आत राहतं कसं. पटल असतं, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं, मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ. त्यात कोलेस्टेरॉल रोवलेलं असतं. हो, रिपोर्टमधलं तेच, त्याच्याशिवाय आपलं पटल धड राहत नाही. मध्ये मध्ये प्रथिनं तरंगतात, काहींना बाहेरच्या बाजूला साखरेच्या शेंड्या. अँटिबॉडी अशाच स्निग्ध पिशवीत बसून कडेपर्यंत येते. तुझ्या मिसळीवरच्या तर्रीचे दोन गोल भिडले की क्षणभर थबकतात आणि मग एकच होतात, बघ. पिशवीही तशीच पटलात मिसळते आणि माल बाहेर पडतो, पटल न फाटता. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे सांगताना अजून अंगावर काटा येतो.

शेजारच्या काकू मायेनं ग्रीन टी आणून देतात, पण बाबांना ती देऊ नकोस. तिच्यातला एक घटक या औषधालाच धरून ठेवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. काकूंना मी फोन करते, त्यांना वाईट वाटायला नको.

सोमवारी संध्याकाळच्या पंचवटीनं येते. मंगळवारी दवाखान्यात मी बरोबर आहे. तोवर मुंग्या कधी येतात, किती वेळ राहतात, ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, रात्रीचंसुद्धा.

तुमची मोठी लेक