पियानो सुटतो तो बुटक्या खुर्चीमुळे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटी जवळ आली की पुण्यात कोथरूडपासून विमाननगरपर्यंत छंदवर्गांच्या पाट्या लागतात आणि हल्ली त्यांत कीबोर्ड-पियानो असतोच. जूनमध्ये त्याच उत्साहात मुलांचे नियमित क्लास लागतात. दिवाळीनंतर बऱ्याच घरांत कीबोर्ड कपाटावर गेलेला असतो आणि निदानही ठरून गेलेलं असतं : ‘त्याला गोडीच नाही.’ आम्ही पुण्यात लहान मुलांना पियानो शिकवतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं, म्हणून हे पत्र. मुलाचा हात अवघडतो, वाद्य त्याला दाद देत नाही आणि रोज तेच ते वाजवावं लागतं. अशा स्थितीत मोठं माणूसही कंटाळेल. यातलं पुष्कळसं घरच्या घरी, फारसा खर्च न करता सुधारता येतं.

सुरुवात बसण्यापासून करावी लागेल, कारण तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला जातो आणि मूल त्याच टेबलाच्या खुर्चीवर बसतं. टेबल साधारण ३० इंच उंच, त्यावर कीबोर्डचे ३-४ इंच. खऱ्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून २८-२९ इंचांवर असतात. म्हणजे ज्या उंचीवर मोठ्यांनाही जड जावं, तिथे आपण सहा वर्षांच्या मुलाला हात न्यायला लावतो. त्याची कोपरं पट्ट्यांच्या खाली राहतात, मनगट कडेला टेकतं, खांदे कानांपर्यंत चढतात. दहा मिनिटांत ते चुळबुळ करू लागतं आणि आपल्याला वाटतं, लक्ष नाही. कीबोर्ड पलंगावर ठेवून समोर मांडी घालून बसलं तर पाठीला पोक येतं. फुलीच्या आकाराच्या घडीच्या स्टँडवर पट्ट्यांची उंची जमवता येते, पण गुडघे पायांना आपटत असतील तर मूल मागे सरकतं आणि हात ताणून वाजवतं. तेही पाहायला हवं.

उंची तपासायची सोपी रीत अशी. मुलाने दोन्ही हात बाजूला सैल सोडावेत. बोटं आपोआप जरा वळलेली राहतात; हाताचा तोच आकार न मोडता हात उचलून पट्ट्यांवर ठेवावा. कोपर पांढऱ्या पट्ट्यांच्या पातळीत किंवा बोटभर वर असलं, तर उंची बरोबर. कमी पडत असेल तर खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवावी. उशी नको, ती दबते आणि मूल एका बाजूला कलतं. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसावं. आणि पाय लोंबकळत ठेवू नयेत. पायाखाली आधार नसला की शरीर तोल सांभाळायला कंबर आणि खांदे आवळून धरतं, तो ताण थेट बोटांत उतरतो. घरातले दोन पाट एकावर एक ठेवले तरी काम होतं. मूल वाढतं, म्हणून दर सहा महिन्यांनी हे पुन्हा पाहावं.

वाद्याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे : पियानो म्हणजे मोठी पेटी. पट्ट्यांची रचना सारखी दिसते, पण आवाज निघण्याची तऱ्हा निराळी आहे. पेटीत भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर सूर टिकतो. जोर भात्याचा, बोटाचा नाही. पियानोत पट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते, तेवढ्या प्रवासात हातोडी तारेवर फेकली जाते आणि क्षणात मागे येते. आवाज लहान की मोठा, हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरतं. सूर निघाल्यानंतर पट्टी कितीही दाबली तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त मनगट ताठ होतं. पेटी वाजवणाऱ्या घरातली मुलं पट्टी दाबून धरतात ती यामुळेच. त्यांना सांगावं : सूर ऐकू आला की दाब सोड, बोट नुसतं टेकलेलं राहू दे.

म्हणून खेळण्यातला कीबोर्ड घेऊ नये. हळू वाजवलं काय आणि जोरात वाजवलं काय, आवाज तोच येत असेल तर मुलाचा कान आणि बोट यांची गाठच पडत नाही. पहिल्या वर्षाला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालतो, मात्र स्पर्शानुसार आवाज बदलणारा हवा आणि पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात. दुसऱ्या वर्षी ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो, शक्यतो वापरलेला किंवा भाड्याने. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं. हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर दोन वर्षं काढलेलं मूल त्यावर बसलं की अर्धे सूर निघतच नाहीत.

पट्ट्यांवर सी-डी-ई किंवा सा-रे-ग असे स्टिकर चिकटवलेले असतील, तर काढून टाका. मूल मग स्टिकर वाचतं. ना कागदाकडे पाहतं, ना सूर ऐकतं. नोटेशनखाली, म्हणजे कागदावरच्या सुरांच्या लिपीखाली, पेन्सिलीने नावं लिहून देण्याचाही हाच तोटा. पट्ट्या ओळखायला निसर्गतःच खूण आहे : काळ्या पट्ट्यांची दोनची जोडी आणि तीनचा गट. दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, म्हणजे सी. हे पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत समजतं आणि जन्मभर पुरतं.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. बहुतेक पुस्तकं पांढऱ्या पट्ट्यांवर अंगठ्यापासून सुरुवात करतात. लहान हाताला ते अवघड असतं, कारण अंगठा आखूड आणि करंगळी त्याहून दुबळी. काळ्या पट्ट्या उंच आणि सुट्या आहेत, त्यांवर मधली तीन लांब बोटं आपसूक बसतात. आणि आपल्या मुलांसाठी तिथे एक खजिना आहे. गाणाऱ्याची पट्टी काळी एक की पांढरी पाच, हे आपल्याकडे भजनी मंडळातल्या आजींनाही ठाऊक असतं. तीच भाषा वापरा : सीपासून उजवीकडे मोजत पांढऱ्या एक ते सात; काळ्यांत दोनच्या जोडीतल्या काळी एक आणि दोन, तीनच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. काळी तीन हा षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवत गेलं, तर सा रे ग प ध येतात : भूपाचे सूर. काळी एक षड्ज धरली की त्याच पाच पट्ट्यांवर सा रे म प ध, दुर्गा. काळी पाच धरली की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. एकही पट्टी बदललेली नाही. फक्त घर कुठलं, ते बदललं.

हे घरी असं करावं. आई, बाबा किंवा आजोबा डाव्या बाजूला बसतील. भूपासाठी खालच्या सप्तकातली काळी तीन करंगळीने आणि तिच्या वरची काळी एक अंगठ्याने, म्हणजे सा आणि प, चार मात्रांना एकदा सावकाश वाजवत राहावं. मूल उजवीकडे काळ्या पट्ट्यांवर हवं ते वाजवेल. अटी दोनच : शेवट काळी तीनवर करायचा, आणि मोठ्यांच्या ठोक्याच्या पुढे पळायचं नाही. दुर्गासाठी डाव्या हाताला काळी एक आणि काळी चार. मालकंसात पंचम नाही, तिथे काळी पाच आणि तिच्या वरची काळी दोन, म्हणजे सा आणि म. चुकीचा सूर लागण्याची सोयच नसल्याने मूल घाबरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःच्या छोट्या जागा बांधू लागतं. एका ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत उत्तर असा खेळ मग सहज सुरू होतो. हे रागशिक्षण नव्हे, ते स्पष्ट सांगायला हवं. पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि त्याचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. मूल गाणंही शिकत असेल तर सूर लावायला तानपुराच घ्यावा.

याच वाटेने पुढे पहिली स्केल, म्हणजे सुरांची क्रमाने चढती-उतरती माळ, हीही सोपी होते. पांढरी सात षड्ज धरून शुद्ध सप्तक वाजवलं तर पाचही काळ्या पट्ट्या त्यात येतात, आणि अंगठा पडतो तो फक्त पांढरी सात आणि पांढरी तीनवर. उजव्या हाताची बोटं (अंगठा १, करंगळी ५) : १-२-३-१-२-३-४-५. एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक-संगीतकार शोपाँ आपल्या शिष्यांना हीच स्केल आधी देत असे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल वाचायला सोपी, पण हाताला ती सर्वांत अवघड. अंगठा खालून नेताना कोपर बाहेर फेकलं जातं आणि अंगठ्याचा सूर धपकन वाजतो. तसं झालं तर अंगठा उशिरा निघतोय असं समजावं : दुसरं बोट वाजलं की अंगठ्याने तळव्याखालून सरकायला सुरुवात करावी.

सरावाची वेळ थोडी असावी, पण रोज असावी. पाच-सहा वर्षांना १० मिनिटं, जमल्यास दोनदा; आठ-दहा वर्षांना २० ते २५. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. चूक होते ती अशी : मूल पहिल्यापासून वाजवतं, पाचव्या बारला (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) अडखळतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. महिन्याभरात पहिले चार बार तुळतुळीत आणि शेवट कच्चा. आठ बारची रचना असेल तर शेवटचे दोन बार आधी घ्यावेत. टाळी देत मात्रा मोठ्याने मोजाव्यात, मग उजवा हात, मग डावा, मग ठोका देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दोन्ही. सलग तीनदा स्वच्छ आलं की वेग चारने वाढवावा, त्याआधी नाही. असा प्रत्येक भाग पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर थांबवावा, नाहीतर जोडावर खड्डा राहतो. चौथं बोट नीट उचललं जात नाही म्हणून रागावू नये; त्याचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, ते कुणाचंच फार उचललं जात नाही. शेवटची पाच मिनिटं आवडीच्या जुन्या रचनेची, किंवा घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या आरतीची चाल कानाने शोधण्याची. बाहेरच्या खोलीतून ‘चुकलं’ म्हणून ओरडू नये. चुकल्याचं मुलाला कळलेलं असतं.

परीक्षांबद्दल थोडं. ग्रेड परीक्षा वाईट नाहीत, पण वर्षाला एक ग्रेड या हिशेबात मूल वर्षभर तीनच तुकडे, म्हणजे परीक्षेच्या रचना, घोटतं. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन तुकड्यांना असतात; स्केल्सना २१, अनोळखी नोटेशन पाहून वाजवण्याला २१ आणि कानाच्या चाचणीला १८. उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. म्हणजे तुकडे कितीही घोटले तरी तेवढ्यावर भागत नाही. त्यापेक्षा वर्षभरात २५-३० छोटे, सोपे तुकडे वाजवणारं मूल वाचायलाही शिकतं. आधीची प्रत्येक ग्रेड दिलीच पाहिजे असा नियमही नाही. एक-दोन ग्रेड सोडून थेट पुढची देता येते. सहाव्या ग्रेडपासून पुढे मात्र थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिला मान्य असलेला पर्याय आधी लागतो.

ज्यांच्या घरी तारांचा पियानो आहे त्यांनी पुण्याच्या हवेचा विचार करावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर चढतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच उतरतो. बाहेरच्या भिंतीला, गॅलरीच्या दाराशी किंवा एसीसमोर पियानो ठेवू नये. वर्षातून दोनदा ट्यूनिंग हवं, त्यातलं एक पाऊस सरल्यावर हवा कोरडी होऊन महिनाभर झाला की. सुमारे २३० तारांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण त्या चौकटीवर असतो. वर्षानुवर्षं न लावलेला पियानो एकदम चढवला तर तारा तुटतात.

शेवटी शाळांना एक विनंती. ज्या शाळांच्या सभागृहात पियानो आहे तिथे तो बहुधा खोळीत, कुलपात असतो आणि स्नेहसंमेलनाला बाहेर येतो. वापरात नसलेल्या पियानोच्या नमद्याला कसर लागते, उंदीर घर करतात. मधल्या सुटीत अर्धा तास तो उघडावा, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-दोन मुलांना पाच-पाच मिनिटं मिळावीत. घरी फक्त कीबोर्ड असलेल्या मुलाला खऱ्या तारेचा सूर बोटाखाली कसा थरथरतो, हे तिथेच कळेल. पालक-शिक्षक संघाच्या जूनच्या पहिल्या बैठकीत हा विषय आणि ट्यूनिंगचा खर्च एकत्र मांडता येईल.

आपले,
पुण्यातील काही पियानो-शिक्षक