जवानांच्या नावाने गप्प बसवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परक्या देशात सैन्य पाठवणे योग्य की अयोग्य, यावर आपल्या पत्रसदरात चाललेला वाद मी रोज वाचतो आहे. फौज बाहेर असताना सरकारला प्रश्न विचारणारा देशद्रोहीच, असे दोघा-तिघा वाचकांनी लिहिले आहे आणि प्रत्येकाने जवानांची शपथ घातली आहे. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात, नोकरी केली. भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत, जाफना भागात होतो. तेव्हा ज्यांच्या नावाने लोकांना गप्प बसवले जाते आहे, त्यांच्यातला एक म्हणून हे लिहितो.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि लागलीच आपल्या तुकड्या तिकडे उतरू लागल्या. तिथल्या तमिळांना संरक्षण द्यायचे, तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घ्यायची, शांतता राखायची, एवढेच काम सांगितले होते. सुरुवातीला जाफन्यातल्या लोकांनी आमच्या गळ्यात हार घातले. पण एलटीटीई या ज्या तमिळ बंडखोर संघटनेने शस्त्रे खाली ठेवायची, तिची त्या करारावर सहीच नव्हती. करार दोन सरकारांनी केला आणि तो तिसऱ्याच्या गळी उतरवायचे काम पलटणींवर आले. सप्टेंबरात एलटीटीईचा नेता थिलीपन उपोषण करता करता मेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाफन्याजवळच्या पलालीच्या तळावर श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या एलटीटीईच्या माणसांनी सायनाइड खाल्ले, त्यांत १२ जण मेले. १० ऑक्टोबरला लढाई पेटली. हार घालणाऱ्यांनी दारे लावून घेतली. या सगळ्याला लागले जेमतेम अडीच महिने.

बिनतारी संचावर बसणाऱ्याला लढाई दिसत नाही, ऐकू येते. पलीकडचा माणूस बोलता बोलता थांबतो आणि आपण त्याला हाका मारत राहतो. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण मारले गेले आणि एक शत्रूच्या हाती जिवंत सापडला. नोव्हेंबरात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना शत्रूच्या हातची रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे नाव घेताना आजही माझा ऊर भरून येतो. म्हणूनच त्यांच्या शौर्याचा आडोसा करून त्या धोरणाची चौकशी टाळली जाते, तेव्हा मला संताप येतो. जवान हुकूम पाळतो, तो हुकूम का दिला हे विचारण्याचा हक्क त्याला नसतो. तो हक्क नागरिकाला असतो. नागरिकानेच तोंड बंद ठेवले तर जवानाच्या वतीने विचारायचे कोणी?

आणि एक गोष्ट आपण कधी बोलतच नाही. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, दिवाळीत, जाफन्याच्या इस्पितळात आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून ६० हून अधिक माणसे मेली. आतून गोळीबार झाला म्हणून प्रत्युत्तर दिले, असे आपल्या बाजूने सांगितले गेले. वाचलेल्या लोकांनी वेगळे सांगितले. मी तिथे नव्हतो. पण ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांचे डॉक्टर आपल्या गोळ्यांनी मेले, हे माझ्या देशाच्या इतिहासाचा भाग आहे. परमेश्वरन यांच्या शौर्याबद्दल वाचणाऱ्या मुलाने हेही वाचले पाहिजे. एवढे ऐकून ज्याचे देशप्रेम डळमळते, त्याचे देशप्रेम मला फार तकलादू वाटते.

सुमारे १,२०० जवान तिथे कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. यावरून सैन्यात पुष्कळ चीड होती आणि आजही आहे. माझे मत वेगळे आहे. तमिळांसाठी धाडलेल्या फौजेकडे भारतातल्याच तमिळ मुख्यमंत्र्याने पाठ फिरवली. त्याचा राग त्यांच्यावर किंवा परतलेल्या पोरांवर काढून काय होणार? दिल्लीत तो निर्णय घेणाऱ्यांनी हिशेब द्यायला हवा होता.

म्हणजे कुठेही जाऊच नये, असे मी म्हणत नाही. १९७१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी ठराव झाला की युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या. जगाचे बहुमत आपल्याविरुद्ध होते, तरीही आपण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, गेलो ते योग्यच केले असे मी मानतो. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले होते. तिथल्या लोकांनी मतपेटीतून आपला कौल आधीच दिला होता, त्यांची मुक्तिवाहिनी स्वतः लढत होती, आणि शरणागतीनंतर तीन महिन्यांत आपली फौज ढाक्यातून निघून आली. श्रीलंकेत यातले काय होते? आणि दुसऱ्याच्या देशात पाऊल टाकणे पापच, असे म्हणणाऱ्यांनी रवांडाचे उत्तर द्यावे. १९९४ मध्ये तिथे कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने शांतिसैनिकांची संख्या २७० वर आणायचे ठरवले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

नकार देण्यातही देशप्रेम असू शकते. २००३ मध्ये इराकसाठी अमेरिकेने आपल्याकडे सैन्य मागितले होते. एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७,००० जवान पाठवायचे घाटत होते. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय विचार करणार नाही, असे वाजपेयी सरकारने जुलैत कळवले. देशात त्यावर उघड चर्चा झाली होती, संसदेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता. ज्या संहारक शस्त्रांचे कारण सांगून ते युद्ध पुकारले, ती पुढे सापडलीच नाहीत. आपली किती पोरे त्या वाळवंटातून वाचली, याचा विचार तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांनी करावा.

आता माझी मागणी. जर्मनीत परदेशी लढाऊ कामगिरीवर सैन्य पाठवायचे तर संसदेची संमती घ्यावी लागते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षांना ४८ तासांत काँग्रेसला कळवावे लागते. आपल्याकडे सरकारला अशी संमती घ्यायला लावणारा कायदाच नाही. तो व्हावा. आपल्याला कोणी बोलावले, त्या करारावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, काम नेमके काय आणि परत कधी यायचे, हे सरकारने सभागृहात सांगावे आणि तिथे मतदान व्हावे. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी खासदारांपुढे लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार